नेत्ररोहिणी : दृष्टीचा जीवनप्रवाह

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त आयोजित व्याख्यानमालेत एका नेत्ररोगतज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



एखाद्या संस्थेने पन्नास वर्षे अखंडपणे समाजाची सेवा करावी, ही गोष्ट सामान्य नाही. अशा सुवर्णयोगाच्या प्रसंगी धर्म, साहित्य आणि इतिहास या विषयांबरोबर आरोग्याचाही विचार व्हावा असे आपण ठरविले आणि दोन शब्द बोलण्याची संधी मला दिली, याबद्दल मी विश्वस्त मंडळाचे मनःपूर्वक आभार मानतो.

डोळ्यांवरील व्याख्यान म्हटले की मोतीबिंदू, चष्मा, काचबिंदू हे विषय श्रोत्यांना अपेक्षित असतात. आज मी त्यांविषयी फारसे बोलणार नाही. डोळ्याला रक्त कोठून येते, कोणत्या वाटेने येते आणि ती वाट बंद झाली तर काय होते, हा माझा आजचा विषय आहे. विषय थोडा रूक्ष वाटेल. पण त्याच्या पोटात प्रत्येक घराशी संबंधित असलेली एक गोष्ट दडलेली आहे. दृष्टिपटलाला रक्त पुरविणारी एक अतिशय बारीक रोहिणी अचानक बंद पडली, तर त्या डोळ्याची दृष्टी काही क्षणांत जाते. त्या वेळी डोळा लाल होत नाही, सुजत नाही, दुखत नाही. दुखत नाही म्हणून माणूस थांबतो, आणि थांबतो म्हणून जे वाचविता आले असते तेही गमावतो. आजच्या व्याख्यानाचे सार एवढेच आहे. बाकीचे सर्व विवेचन हे सार मनात ठसावे यासाठी आहे.

इंद्रिय आणि उपकरण

आपल्या तत्त्वज्ञानात पाच इंद्रियांचा क्रम स्पर्शन, रसना, घ्राण, चक्षु आणि श्रोत्र असा सांगितला आहे. चक्षु हे चौथे इंद्रिय. एकेंद्रिय, द्वींद्रिय आणि त्रींद्रिय जीवांना ते लाभलेले नाही. तत्त्वार्थसूत्रात इंद्रियांचे द्रव्येंद्रिय आणि भावेंद्रिय असे दोन प्रकार केले आहेत, आणि द्रव्येंद्रियामध्ये निर्वृत्ती व उपकरण असा आणखी भेद केला आहे. जे इंद्रियाला साहाय्य करते, त्याचे रक्षण करते, ते उपकरण. शास्त्रातील प्रत्येक वचन विज्ञानाने सिद्ध केले, असे म्हणण्याची घाई मी करणार नाही. दोहोंची क्षेत्रे आणि साधने वेगळी आहेत. परंतु पाहण्याची शक्ती एक आणि तिला आधार देणारी साधने वेगळी, हा विवेक आजचा विषय समजण्यास फार उपयोगी पडतो. डोळा स्वतः कितीही निर्दोष असला, तरी त्याला आधार देणारा रक्तप्रवाह अखंड राहिला नाही तर तो पाहू शकत नाही.

रक्ताची वाट

हृदयातून निघालेले शुद्ध रक्त महारोहिणीतून मानेकडे येते. मानेच्या दोन्ही बाजूंना हाताला ठोके जाणवतात, त्या मन्यारोहिण्या होत. गळ्याच्या वरच्या भागात प्रत्येक मन्यारोहिणी दुभंगते. तिची बाह्य शाखा चेहऱ्याकडे व टाळूकडे जाते आणि आंतर शाखा कवटीत शिरून मेंदूला रक्त पुरविते. या आंतर शाखेपासून, ती मेंदूशी पोहोचताच, जी एक लहान शाखा पुढे डोळ्याकडे वळते तिला नेत्ररोहिणी म्हणतात. डोळ्याला आणि मेंदूला एकाच रोहिणीतून रक्त मिळते, हे आपण लक्षात ठेवावे. पुढे त्याचा संदर्भ येणार आहे.

नेत्ररोहिणी ज्या अस्थिनलिकेतून डोळ्याच्या खोबणीत येते, त्याच नलिकेतून दृष्टिचेता, म्हणजे डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी मज्जातंतूंची जाड दोरी, बाहेर जाते. एकाच अरुंद दारातून रक्त आत येते आणि दृश्याचा संदेश बाहेर जातो. खोबणीत आल्यावर नेत्ररोहिणी बहुतेक व्यक्तींमध्ये दृष्टिचेतेला वरून ओलांडून नाकाच्या बाजूला जाते आणि वाटेत अनेक शाखा देते. अश्रुग्रंथी, पापण्या, कपाळ, नाकाचा वरचा भाग आणि डोळा हलविणारे स्नायू या सर्वांना तिच्या शाखा पोहोचतात.

पापण्यांच्या व कपाळाच्या भागात नेत्ररोहिणीच्या शाखा बाह्य मन्यारोहिणीच्या शाखांना जाऊन मिळतात. म्हणजे तेथे दोन्ही बाजूंनी पाणी येणारे पाट आहेत; एक बुजला तर दुसरा चालू राहतो. पापणीची जखम लवकर भरून येते, त्याचे एक कारण हे आहे. परंतु नेत्रगोलाच्या आतील व्यवस्था अशी उदार नाही.

नेत्रगोलाचा व्यास सुमारे २४ मिलिमीटर, म्हणजे एक इंचाहून किंचित कमी. त्याच्या मागील बाजूस आतून दृष्टिपटल हा पडदा असतो. कॅमेऱ्यात पूर्वी जी फिल्म असे, तिच्याशी त्याची तुलना करतात. या पातळ पडद्याला रक्त देण्यासाठी दोन स्वतंत्र व्यवस्था आहेत.

पहिली व्यवस्था म्हणजे मध्यवर्ती दृष्टिपटल रोहिणी. ही नेत्ररोहिणीची शाखा नेत्रगोलाच्या मागे साधारण १० मिलिमीटर अंतरावर दृष्टिचेतेत शिरते आणि तिच्या मधून चालत डोळ्याच्या आत प्रकट होते. तिची आतील पोकळी मिलिमीटरच्या साधारण सहाव्या भागाएवढीच असते. आत आल्यावर तिच्या चार मुख्य शाखा होतात आणि दृष्टिपटलाचे आतील थर त्या पोसतात.

दुसरी व्यवस्था पश्च सिलिअरी रोहिण्यांची. नेत्ररोहिणीपासूनच निघून, पुढे १० ते २० बारीक शाखांत विभागून, त्या नेत्रगोलाच्या मागील भागाला भोके पाडून आत शिरतात आणि दृष्टिपटलाच्या बाहेर रक्तवाहिन्यांचा एक दाट गालिचा पसरवितात. त्याला रंजितपटल म्हणतात. प्रत्यक्ष प्रकाश ग्रहण करणाऱ्या पेशींचे पोषण या गालिच्यातून होते. डोळ्यात येणाऱ्या एकूण रक्तापैकी सुमारे ८५ टक्के रक्त या रंजितपटलातून वाहते. दृष्टिपटलातील वाहिन्यांच्या वाट्याला जेमतेम पाच टक्क्यांच्या आसपास येते. वजनाच्या प्रमाणात पाहिले तर शरीरात इतका मोठा रक्तप्रवाह असलेल्या ऊती फार थोड्या आहेत.

दृष्टिपटलाच्या मध्यभागी, जेथे आपली दृष्टी सर्वांत तीक्ष्ण असते, जेथे आपण सुईत दोरा ओवताना किंवा पोथीतील बारीक अक्षर वाचताना दृश्य नेऊन ठेवतो, तेथे सुमारे अर्धा मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळात एकही रक्तवाहिनी नसते. प्रकाशाच्या मार्गात काहीही आड येऊ नये यासाठी ती जागा मोकळी राखलेली आहे, आणि तिचे पोषण मुख्यतः मागील गालिच्यातून होते.

दुसरी वाट नसलेली रोहिणी

मध्यवर्ती दृष्टिपटल रोहिणीचे वैशिष्ट्य असे की ती अंत्यरोहिणी आहे. तिच्या शाखा शेजारच्या कोणत्याही रोहिणीला जाऊन मिळत नाहीत. खेड्यातील शेवटच्या शेताला एकच चारी जाते, तशी ही स्थिती आहे. चारी तुंबली की ते शेत कोरडे पडते, मग धरण कितीही भरलेले असो. काही लोकांना सिलिअरी रोहिणीपासून निघालेली एक जादा शाखा दृष्टिपटलाच्या मध्यभागाकडे जन्मतः असते. अशा व्यक्तींची मधली दृष्टी रोहिणी बंद पडूनही कधी कधी वाचते. पण ती देणगी सर्वांना नसते आणि आपल्याला ती आहे की नाही, हे तपासणीवाचून कळत नाही.

ही रोहिणी कशाने बंद पडते? बहुतेक वेळा मूळ कारण डोळ्यात नसते. मानेतील मन्यारोहिणीच्या भिंतीवर वर्षानुवर्षे मेदाचे व चुन्याचे थर साठतात. त्याचा एखादा कण सुटतो आणि प्रवाहाबरोबर वाहत डोळ्याच्या रोहिणीत अडकतो. कधी हृदयाचे ठोके अनियमित असल्याने हृदयात रक्ताची गुठळी होते आणि ती या वाटेने येते. बर्लिन येथील आल्ब्रेख्त फॉन ग्रेफे यांनी १८५९ मध्ये अशा रुग्णाचे वर्णन प्रथम केले. त्या रुग्णाला हृदयाचा विकार होता. म्हणजे डोळा आंधळा झाला, पण दोष हृदयात होता.

अशा अडथळ्यात दृष्टिपटल किती वेळ तग धरते? या प्रश्नाचा सखोल अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञाचे नाव आपण अभिमानाने घ्यावे असे आहे. डॉ. सोहनसिंग हायरे हे मूळचे पंजाबचे. पटियाळा येथील वैद्यकीय महाविद्यालयात असताना त्यांनी मृतदेहांच्या विच्छेदनातून नेत्ररोहिणीचा उगम, मार्ग आणि शाखा यांचा बारकाईने अभ्यास केला. ते निबंध १९६२ मध्ये ब्रिटनमधील नेत्रवैद्यकाच्या मान्यवर नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि आजही त्यांचा आधार घेतला जातो. पुढे लंडन आणि अमेरिकेतील आयोवा येथे त्यांनी आयुष्यभर डोळ्याच्या रक्तपुरवठ्यावरच संशोधन केले. त्यांच्या प्रयोगांत असे आढळले की रक्त पूर्ण थांबल्यावर सुमारे ९७ मिनिटांपर्यंत दृष्टिपटल सावरू शकते. त्यानंतर हानी वाढत जाते, आणि सुमारे चार तासांनंतर ती व्यापक व कायमची होते.

हे प्रयोग माकडांवर झाले होते. अहिंसेला परमधर्म मानणाऱ्या सभेत ही गोष्ट लपवून आकडे तेवढे सांगणे मला योग्य वाटत नाही. त्या मूक जीवांची पीडा आता परत घेता येत नाही. पण त्या पीडेतून मिळालेले ज्ञान आपल्या आळसामुळे निरुपयोगी ठरावे, हे अधिक वाईट होईल. दीड तास आणि चार तास, हे दोन आकडे आपण विसरू नयेत.

त्या वेळी काय करावे?

एका डोळ्याची दृष्टी अचानक, वेदनेशिवाय गेली किंवा फार मंदावली, तर तो नेत्रवैद्यकातील आणीबाणीचा प्रसंग आहे. सकाळपर्यंत थांबू नये. मुलगा पुण्याहून आल्यावर जाऊ, पारणे झाल्यावर दाखवू, असा विचार करू नये. घरातील जुने थेंब घालून पाहू नयेत. ताबडतोब अशा मोठ्या रुग्णालयात जावे, जेथे पक्षाघाताच्या रुग्णावर तातडीने उपचार होतात आणि नेत्रतज्ज्ञही उपलब्ध असतात.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. बंद पडलेली ही रोहिणी खात्रीने उघडून दृष्टी परत आणील, असा निर्विवाद सिद्ध झालेला उपचार आजही वैद्यकशास्त्राजवळ नाही. मग धावपळ कशासाठी, असे आपण विचाराल. त्याची तीन कारणे आहेत. पहिले, काही रुग्णांत अडथळा स्वतःहून किंवा उपचाराने लवकर सुटतो आणि त्या वेळी प्रत्येक मिनिटाला मोल असते. दुसरे, वृद्धांमध्ये क्वचित हा विकार रोहिण्यांच्या दाहामुळे होतो. कानशिलाजवळ दुखणे, डोक्याची कातडी हुळहुळी होणे, घास चावताना जबडा दुखू लागणे ही त्याची लक्षणे आहेत. त्यावर तत्काळ औषध मिळाले नाही तर दुसरा डोळाही जाऊ शकतो. तिसरे कारण सर्वांत महत्त्वाचे. डोळा आणि मेंदू एकाच रोहिणीवर अवलंबून आहेत, हे आपण आरंभी पाहिले. डोळ्यात जो कण आला, तसा दुसरा कण मेंदूकडे जाऊ शकतो. म्हणून डोळ्याची रोहिणी बंद पडल्यानंतरच्या पहिल्या काही दिवसांत पक्षाघाताचा धोका पुष्कळ वाढलेला असतो. गेलेली दृष्टी परत आली नाही, तरी वेळेवर तपासणी झाल्याने माणूस वाचतो.

कधी कधी निसर्ग आधी सूचना देतो. एका डोळ्यासमोर पडदा सरकत आल्यासारखा अंधार होतो आणि पाच-दहा मिनिटांत सर्व पूर्ववत दिसू लागते. माणूस म्हणतो, "चक्कर आली असेल, ऊन लागले असेल." दिसू लागले म्हणून तो कोणालाही सांगत नाही. वस्तुतः तो कण क्षणभर अडकून पुढे गेलेला असतो. अशा व्यक्तीने त्याच दिवशी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. मानेच्या रोहिणीची सोनोग्राफी, हृदयाचा आलेख, रक्तदाब आणि साखर या तपासण्यांतून पुढचा अनर्थ टळू शकतो.

दोन्ही डोळे उघडे असताना एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा झाकून टाकतो. त्यामुळे एका डोळ्याने दिसत नाही हे अनेकांना कित्येक दिवस समजतच नाही. त्यासाठी एक साधा नियम सांगतो. आठवड्यातून एकदा, चष्मा लावणाऱ्यांनी चष्म्यासह, भिंतीवरील दिनदर्शिकेसमोर उभे राहावे. आधी एक डोळा तळहाताने झाकून तिथी वाचावी, मग दुसरा झाकून वाचावी. अर्धा मिनिट पुरते. घरातील वडीलधाऱ्यांकडून हे करवून घेण्याचे काम नातवंडांवर सोपवावे. ती ते आनंदाने करतात.

शरीराची खिडकी

१८५१ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी ऑफ्थॅल्मोस्कोप हे उपकरण जगापुढे मांडले. जिवंत माणसाच्या डोळ्याच्या आतील दृश्य त्यामुळे प्रथम स्पष्टपणे दिसू लागले. शरीरावर कोठेही छेद न घेता जिवंत रोहिण्या आणि नीला प्रत्यक्ष पाहता येतात, असे दृष्टिपटल हे एकमेव ठिकाण आहे. १९६१ मध्ये अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात हॅरोल्ड नोव्होटनी आणि डेव्हिड अल्विस या दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी दंडातील शिरेत फ्लुओरेसिन हे रंगद्रव्य टोचून डोळ्यातील रक्तप्रवाहाची छायाचित्रे घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. दंडात टोचलेला रंग दहा-पंधरा सेकंदांत डोळ्यात पोहोचतो. गेल्या दशकापासून रंगद्रव्य न टोचताही, केवळ प्रकाशकिरणांच्या साहाय्याने, या बारीक वाहिन्यांचा नकाशा काढता येतो.

याचा उपयोग डोळ्यापुरता मर्यादित नाही. १९३९ मध्ये कीथ, वॅगेनर आणि बार्कर या अमेरिकन डॉक्टरांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांचे दृष्टिपटलातील बदलांवरून चार गट केले आणि दाखवून दिले की डोळ्यातील बदल जितके गंभीर, तितकी रुग्णाची आयुर्मर्यादा कमी. रक्तदाब वाढला की रोहिण्या आकसतात आणि त्यांच्या भिंती जाड होतात. दृष्टिपटलात जेथे रोहिणी नीलेला ओलांडते, तेथे दोघी एकाच आवरणात असतात. ताठर झालेली रोहिणी तेथे नीलेला दाबते, नीलेतील प्रवाह अडतो आणि दृष्टिपटलात रक्तस्राव होतो. मधुमेहात अगदी बारीक केशवाहिन्यांच्या भिंती दुर्बल होतात, त्यांना फुगे येतात, त्या झिरपू लागतात. हे सर्व घडत असताना पहिली काही वर्षे रुग्णाला स्पष्ट दिसत असते. म्हणून ज्यांना मधुमेह आहे त्यांनी, दिसत असो वा नसो, वर्षातून एकदा बाहुली मोठी करणारे थेंब घालून दृष्टिपटलाची तपासणी करून घेतलीच पाहिजे. चष्म्याचा नंबर काढला म्हणजे डोळा तपासला, हा समज चुकीचा आहे.

आपला आहार, आपले तप

आता थोडे आपल्या घरातले बोलतो. ते परखड वाटले तर क्षमा असावी.

"आम्ही शुद्ध शाकाहारी, आमच्या रोहिण्यांत मेद कोठून येणार?" असे अनेक श्रावक विचारतात. शाकाहार ही आपली मोठी पुण्याई आहे, यात शंका नाही. पण कोलेस्टेरॉल आपले यकृत स्वतःही तयार करते. शिवाय वनस्पती तुपात तळलेले पदार्थ, लग्नसराईतील मिठाया, फरसाण, पापड आणि लोणची यांत हिंसा कमी असेल, मीठ, साखर आणि मेद कमी नसतो. अभक्ष्य टाळणे हा धर्म झाला. भक्ष्य असलेलेही मितीने खाणे हा ऊनोदरीचा धर्म आहे, आणि बाह्य तपांत त्याला स्थान आहे. तसेच सप्तव्यसनांच्या यादीत तंबाखूचे नाव नाही म्हणून तंबाखू आणि मिश्री निर्दोष ठरत नाहीत. तंबाखूने रोहिण्यांची हानी होते, याबद्दल वैद्यकशास्त्रात दुमत नाही.

दुसरा विषय उपवासाचा. पर्युषणात आणि दशलक्षण पर्वात आपल्या घराघरांतून तपश्चर्या होते. त्या तपाविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. परंतु मधुमेहाची किंवा रक्तदाबाची औषधे घेणारे काही ज्येष्ठ उपवासाच्या दिवसांत औषधे स्वतःच बंद करतात; काही जण अन्नपाणी वर्ज्य करूनही साखर कमी करणारी औषधे पूर्ण मात्रेत घेत राहतात. दोन्ही गोष्टी घातक आहेत. शरीरातील पाणी कमी झाले की रक्त घट्ट होते, आणि आधीच अरुंद झालेल्या वाहिन्यांत ते अडण्याचा संभव वाढतो. षोडशकारण भावनांत शक्तितस्तप सांगितले आहे. शक्तीनुसार तप, असा त्याचा अर्थ आपण सर्वजण जाणतो. आपली शक्ती किती हे ठरविताना महाराजांचे मार्गदर्शन जसे घेतो, तसा पर्वाच्या पंधरा दिवस आधी डॉक्टरांचाही सल्ला घ्यावा. रात्रिभोजनत्यागाचा नियम असेल तर तोही डॉक्टरांना स्पष्ट सांगावा. बहुतेक औषधांच्या वेळा त्यानुसार बसविता येतात. संकोचामुळे नियम सांगितला जात नाही, आणि मग रात्रीची गोळी मुकाट्याने टाळली जाते.

याच संदर्भात आणखी एक मुद्दा. झोपेत प्रत्येकाचा रक्तदाब स्वाभाविकपणे कमी होतो. दृष्टिचेतेच्या टोकाला पश्च सिलिअरी रोहिण्यांकडून रक्त मिळते आणि दोन रोहिण्यांच्या क्षेत्रांच्या सीमेवरील भाग, कालव्याच्या टोकाला असलेल्या शेताप्रमाणे, दाब कमी झाला की प्रथम कोरडा पडतो. डॉ. हायरे यांनी १९९४ मध्ये असे मत मांडले की रात्री रक्तदाब फार खाली गेल्याने काही रुग्णांच्या दृष्टिचेतेला इजा होते. अनेकांना सकाळी उठल्यावर एका डोळ्याने अंधुक दिसू लागल्याचे प्रथम जाणवते. या मताशी सर्वच तज्ज्ञ पूर्णपणे सहमत नाहीत. तरीही रक्तदाबाच्या औषधांची मात्रा वा वेळ आपल्या मनाने किंवा शेजाऱ्याच्या सांगण्यावरून बदलू नये. औषध कमी झाले तर धोका, अधिक झाले तरी धोका.

रक्तवाहिन्या नसलेला पडदा आणि नेत्रदान

डोळ्याच्या रक्तपुरवठ्याविषयी बोलताना, जेथे रक्तच जात नाही त्या भागाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. बुबुळावरील पारदर्शक पडदा, म्हणजे पारपटल, याला रक्तवाहिन्या नसतात. त्या असत्या तर तो पारदर्शक राहिला नसता. तो आपला प्राणवायू मुख्यतः हवेतून, अश्रूंच्या थरातून घेतो, आणि पोषण डोळ्यातील पाण्यासारख्या द्रवातून. रक्तवाहिन्या नसल्यामुळे एका माणसाचे पारपटल दुसऱ्याचे शरीर सहसा सहजपणे स्वीकारते. रक्तगट जुळविण्याची आवश्यकता नसते. ७ डिसेंबर १९०५ रोजी आजच्या चेक प्रजासत्ताकातील ओलोमोउत्स येथे एडुआर्ड झिर्म यांनी पारपटलाचे पहिले यशस्वी रोपण केले. नेत्रदानाची सारी चळवळ या रक्तहीन पडद्यावर उभी आहे.

आपल्या समाजाने या कार्यात मनापासून भाग घेतला आहे आणि आहार, औषध, शास्त्र व अभय या चार दानांची परंपरा त्यामागे आहे. राष्ट्रीय नेत्रदान पंधरवडा दरवर्षी २५ ऑगस्ट ते ८ सप्टेंबर या काळात असतो आणि आपली पर्वेही बहुधा त्याच सुमारास येतात. मृत्यूनंतर शक्यतो सहा तासांच्या आत नेत्रदान व्हावे लागते. नेत्रपेढीचे लोक येईपर्यंत पापण्या मिटवाव्यात, त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा आणि डोके उशीवर थोडे उंच ठेवावे. चष्मा, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, मधुमेह वा रक्तदाब ही नेत्रदानास अडचण नव्हे.

परंतु नेत्रदानाने सर्व प्रकारचे अंधत्व दूर होते, हा समज बरोबर नाही. रोपण होते ते पारपटलाचे. रक्त न मिळाल्याने मृत झालेले दृष्टिपटल किंवा दृष्टिचेता बदलता येत नाही. मे २०२३ मध्ये न्यूयॉर्क येथे चेहऱ्याच्या काही भागासह संपूर्ण नेत्रगोलाचे रोपण जगात प्रथमच करण्यात आले. त्या डोळ्याच्या दृष्टिपटलात रक्त वाहू लागले, ही मोठी गोष्ट होती; पण त्या डोळ्याने दिसू लागले नाही. पारपटल दुसऱ्याकडून मिळू शकते. दृष्टिपटल मात्र ज्याचे त्यानेच जपावे लागते.

एक विनंती

गेल्या अनेक दशकांत सेवाभावी संस्थांच्या नेत्रशिबिरांतून असंख्य लोकांना दृष्टी मिळाली, हे कार्य अमोल आहे. मात्र शिबिराचे यश आपण मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियांच्या आणि वाटलेल्या चष्म्यांच्या संख्येवर मोजतो. ज्याला मोतीबिंदू नाही त्याला "डोळे चांगले आहेत" असे सांगून परत पाठविले जाते. त्याचा रक्तदाब मोजलेला नसतो, साखर पाहिलेली नसते, दृष्टिपटल कोणी पाहिलेले नसते. सुवर्णमहोत्सवी वर्षापासून ट्रस्टच्या प्रत्येक शिबिरात चाळिशी ओलांडलेल्या व्यक्तीचा रक्तदाब व साखर तपासावी, आणि मधुमेही व रक्तदाबाच्या रुग्णांचे दृष्टिपटल थेंब घालून पाहावे, अशी माझी विश्वस्त मंडळास नम्र विनंती आहे. खर्च थोडा वाढेल, वेळ अधिक लागेल. पण मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुढच्या शिबिरातही करता येते. बंद पडलेली रोहिणी पुढच्या शिबिराची वाट पाहत नाही.

भगवान महावीरांनी गौतम गणधरांना एका समयाचाही प्रमाद करू नकोस असा उपदेश केला, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तो उपदेश आत्मकल्याणासाठी आहे. मी त्याचा अर्थ संकुचित करू इच्छित नाही. परंतु ज्या चक्षूंनी आपण जिनबिंबाचे दर्शन घेतो, स्वाध्याय करतो, चालताना पायाखालचा जीव पाहून ईर्यासमिती पाळतो, त्यांच्या बाबतीतही प्रमाद नसावा, एवढेच सांगतो.

माझ्या बोलण्यात कोणाचे मन दुखावले गेले असेल तर मिच्छा मि दुक्कडम्.

जय जिनेंद्र.